फुकटच्या वस्तूची चोरी

मी आयुष्यात एकच चोरी केली, आणि तीही फुकट मिळणाऱ्या वस्तूची. जी वस्तू मालक रस्त्यावर मांडून "न्या हो, न्या" म्हणत होता, ती मी सदऱ्याखाली लपवून घरी आणली, तिला कुलूप लावलं आणि आठ वर्षं त्या कुलपावर पोट भरलं. चोरांच्या जमातीत एवढा गाढव चोर दुसरा सापडायचा नाही. त्या खाण्याचं अजीर्ण मला झालं असतं तर मी गुपचूप ओवा खाऊन गप्प बसलो असतो. पण ते झालं भलत्याच माणसाला, म्हणून हे लिहितोय.

शिरूरला एसटी स्टँडच्या मागं माझं दुकान होतं. आधी रांजणगावच्या एका कारखान्यात स्टोअरचा संगणक सांभाळायचो, राहायला कारेगावात. तिथं मालाच्या नोंदी करता करता जे काही शिकलो, त्या जोरावर मी दूध डेअऱ्यांना प्रोग्रॅम विकायला लागलो.

ज्यांनी दूध फक्त पिशवीतलं पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खेड्यातली डेअरी म्हणजे बहुतेक एक खोली. पहाटे शटर वर जातं, लोक किटल्या घेऊन रांगेला लागतात. दूध काट्यावर ओतलं की वजन कळतं. त्यातलं वाटीभर मशीनच्या नळीखाली धरलं की मिनिटभरात मशीन फॅट सांगतं, म्हणजे दुधात स्निग्धांश किती ते. तीन-पाच, तीन-नऊ, चार असा आकडा. त्या आकड्यावर दर ठरतो. आमच्याकडं फॅट ही अब्रूची गोष्ट आहे. ज्याच्या गाईचं फॅट कमी लागतं तो रांगेत मान खाली घालून उभा राहतो, आणि ज्याचं जास्त लागतं त्याच्यावर सगळ्यांचा संशय असतो.

काटा आणि मशीन यांच्याकडून आकडे घ्यायचे आणि पावती छापायची, एवढंच माझ्या प्रोग्रॅमचं काम. त्याला मी नाव दिलं होतं 'क्षीरसम्राट'. नाव मात्र अस्सल माझं. बाकी प्रोग्रॅम माझा नव्हता.

तो मला इंटरनेटवर सापडला. कुणीकुणी मिळून लिहिलेला, सगळ्यांसाठी खुला ठेवलेला. खुला म्हणजे त्याच्या आतली एकेक ओळ कुणालाही वाचता येते, बदलता येते, वापरता येते, अगदी विकतासुद्धा येते. अट एकच. आपल्याकडं जुन्या बायका गावरान बियाणं देताना म्हणतात ना, "ने बाई, पण तुझ्याकडं चांगलं आलं तर मूठभर पुढं दे," तशी. तुम्ही काही बदललंत आणि दुसऱ्याला दिलंत, तर आतल्या ओळीही त्याला द्यायच्या, झाकायच्या नाहीत. ही अट फाइलच्या डोक्यावर इंग्रजीत पानभर लिहिली होती. मी ते पान वाचलं. खरं सांगतो, पूर्ण वाचलं. आणि मग काढून टाकलं.

का? कारण माझ्या डोक्यात संशय शिरला. एवढी चांगली वस्तू फुकट कोण देतं? पहिल्यांदा वाटलं यात काहीतरी डाव आहे. मग वाटलं, डाव नसेल तर हे लोक मूर्ख आहेत. आणि मूर्खांचं शहाण्यानं घ्यावं, हा धंद्याचा नियमच आहे. फक्त यात शहाणा कोण, हे मी तपासलं नाही.

प्रोग्रॅमला मी एक चावी बसवली. पेनड्राइव्हसारखी दिसायची. ती संगणकाला लावल्याशिवाय प्रोग्रॅम चालत नाही. ही चावी मी भलत्याच थाटात द्यायचो. निमोण्याच्या वाटेवरच्या एका गावात (गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, मला तिथून अजून जावं-यावं लागतं) डेअरीच्या चेअरमननी ती चावी काळ्या गोफात ओवून गळ्यात घातली. एकदा चेअरमन लग्नाला आळंदीला गेले ते चावी गळ्यात घालूनच. सकाळी रांगेत साठ किटल्या, दूध तापायला लागलेलं आणि प्रोग्रॅम म्हणतोय, चावी लावा. त्या दिवशी डेअरीच्या सेक्रेटरींनी, बबन आप्पांनी, सगळ्या पावत्या हातानं लिहिल्या आणि मला फोन केला.

"सुभाषराव, दूध आमचं, काटा आमचा, मशीन आमचं. मंग कुलूप तुमचं कशापायी?"

मी म्हणालो, "सुरक्षेसाठी, आप्पा."

"कुणापासनं?"

मी रेंज नसल्याचं सांगून फोन ठेवला. 

बबन आप्पा हे या गोष्टीतले मुख्य माणूस. वीस-बावीस वर्षं सेक्रेटरी. पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं. स्वतःच्या दोन गाई. त्यांचं दूध ते सगळ्यांच्या शेवटी घालायचे, आधी घातलं तर लोक काही म्हणतील म्हणून. लोक काही म्हणतील, ही त्यांची एकुलती एक भीती.

त्यांनीच एकदा मला विचारलं होतं, "मशीनवर दोन आकडे येत्यात टिंबाच्या पुढं. तीन-अठ्ठ्याण्णव आसं. पावतीवर मातर तीन-नऊच. ह्ये कसं?"

मला घाई होती. "कंपनीचा नियम आहे," मी म्हणालो. कुठली कंपनी? मीच. आणि नियम? मला माहीतच नव्हता. आप्पांनी मान डोलावली आणि पुढं जो कुणी विचारील त्याला ते तेच सांगायला लागले, "कंपनीचा नियम हाय."

पुढं डेअरीच्या कारभारात वाढावा दिसायला लागला. म्हणजे लोकांनी घातलेल्या दुधाचं फॅट मिळून जेवढं होतं, त्यापेक्षा वरच्या दूध संघाच्या टँकरला जास्त लागायचं. सगळ्यांना वाटलं, आप्पांचा कारभार चोख. चेअरमननी शाल-नारळ देऊन त्यांचा सत्कार केला. मीही टाळ्या वाजवल्या, पुढच्या रांगेत बसून.

याच सुमारास दौंडहून सलीमभाई उगवले.

दौंड स्टेशनजवळ त्यांचं संगणकाचं दुकान. वडील रेल्वेत होते, कुटुंब तिथलंच जुनं. हा माणूस डेअऱ्यांना प्रोग्रॅम फुकट बसवून देतो, अशी बातमी आली. मी ताबडतोब गावोगाव सांगत सुटलो, "फुकटच्या प्रोग्रॅमात व्हायरस असतो. तुमच्या गाई किती, दूध किती, सगळं दौंडवरनं परस्पर दिल्लीला जाईल." दिल्लीला आमच्या गाईंचं काय काम, हे कुणी विचारलं नाही. संशयाला पत्ता लागत नाही, नुसतं गावाचं नाव पुरतं.

पण माझीच झोप उडाली. हा माणूस खातो काय? म्हणून मी एक दिवस वेष पालटून दौंडला गेलो. वेष म्हणजे डोक्यावर टोपी घातली, एवढंच.

"मी केडगावचा," मी म्हणालो. "छोटं दूध संकलन आहे आमचं."

"बसा की," सलीमभाई म्हणाले. चाळिशीचा, सावकाश बोलणारा माणूस. हातात उघडा प्रिंटर. "बोला."

"तुमचा प्रोग्रॅम फुकट म्हणतात. मग तुमचं भागतं कशावर?"

"प्रिंटर अडकतो. वायर उंदीर खातो. सेक्रेटरी बदलला की नव्याला शिकवावं लागतं. वर्षाची देखभाल घेतात लोक माझ्याकडनं." ते हसले. "प्रोग्रॅम फुकट हाय, मी न्हाई."

"पण दुसरा कुणी तोच प्रोग्रॅम घेऊन तुमच्या शेजारी दुकान टाकील."

"टाकू द्या. मग त्याला लोकांनी बोलवायला पायजे. प्रोग्रॅम समद्यांकडं एकच आसला की माणूस कसा हाय त्यावरच धंदा ठरतो."

"आणि त्यात चूक निघाली तर?"

"निघतीच. पण ती मी एकटा हुडकत बसत न्हाई. कितीतरी गावचं दूध त्यातनं जातं. कुणाला तरी सापडती, कुणीतरी दुरुस्त करतं, नोंद लिहून ठेवतं. एकाची दुरुस्ती झाली की समद्यांची झाली. एकट्यानं लिवायचं म्हटलं तर माझ्यानं जन्मात झालं नसतं. म्हणून खुलं ठेवणं मलाच स्वस्तात पडतं. धर्मादाय न्हाई ह्यो, हिशेबच हाय."

चहा आला. निघताना सलीमभाई दारापर्यंत आले. "न्हावऱ्याजवळ रस्ता खणलाय. शिरूरला जपून जा."

मी चमकलो. मी केडगावचा ना? मग गाडीकडं लक्ष गेलं. मोटरसायकलच्या पुढच्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेलं, 'क्षीरसम्राट, शिरूर'.

एवढं सरळ बोलणारा माणूस मी धंद्यात पाहिला नव्हता. त्यामुळं माझा संशय पक्काच झाला.

आता मूळ प्रकार. आप्पांच्या डेअरीत हौसामावशी दूध घालायच्या. तीन गाई, जीभ तिखट. एका सकाळी मशीनचं तोंड जरा बाहेरच्या बाजूला फिरलं होतं. मावशींनी आकडा पाहिला. तीन-अठ्ठ्याण्णव. पावती आली तीन-नऊची. दुसऱ्या दिवशी पाहिलं, चार-शून्य-सातचं चार. तिसऱ्या दिवशी तीन-पंच्याण्णवचं पुन्हा तीन-नऊ.

"मला आक्षर येत न्हाई, आकडा येतो," मावशी रांगेसमोर म्हणाल्या. "आप्पा, वरचं आठ-आठ, सात-सात जातं कुठं?"

आप्पा म्हणाले, "कंपनीचा नियम हाय."

"कंच्या कंपनीचा?"

आप्पांनी माझं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही, देव जाणे. ते नुसते गप्प झाले, आणि आमच्याकडं गप्प बसणं म्हणजे कबुली. आठवड्याभरात गावभर झालं की वाढावा आणि शाल कुठून आली ते आता कळलं. काही लोक दूध दुसऱ्या गावाला घालायला लागले. आप्पा रस्त्यानं निघाले की कट्ट्यावरनं आवाज यायचा, "काय आप्पा, आज किती साय काढली?" सेक्रेटरीला काढायचं की नाही हे ठरवायला सभा लागली. आप्पांनी मला फोन करून एवढंच विचारलं, "सुभाषराव, त्यो नियम कुठं लिवलाय तेवढं दावता का? सभेत वाचून दावतो."

मी पहिल्यांदाच 'क्षीरसम्राट'च्या पोटातला फॅटचा हिशेब उघडून बघितला. खरं सांगतो, माझा पहिला संशय सलीमभाईंवर होता. वाटलं, यानंच काहीतरी घातलं असणार. पण चूक मुळापासूनची होती. मशीनकडून आलेला आकडा पावतीवर छापताना दुसरा आकडा जवळच्या पॉइंटाला न्यायच्या ऐवजी सरळ कापला जात होता. तीन-अठ्ठ्याण्णवचं चार व्हायला हवं, ते तीन-नऊ. प्रत्येक वेळी खालीच, प्रत्येकाचं, आठ वर्षं.

मग मी मूळ खुल्या प्रोग्रॅमची नोंदवही उघडली. ती कुणालाही वाचता येते, फक्त मी कधी वाचली नव्हती. सहा वर्षांपूर्वीची नोंद सापडली. कोल्हापूरकडच्या कुणा बाईंनी लिहिलं होतं: फॅटचा दुसरा आकडा कापला जातो, उत्पादकाचं नुकसान होतं, दुरुस्त केलं. सहा वर्षं ती दुरुस्ती सगळ्यांना फुकट मिळत होती. मला मिळाली नाही, कारण मी दार आतून लावून बसलो होतो. चोरीच्या मालाला दुरुस्तीला कुठं न्यायचं?

इथं खरं बोलायला हवं होतं. पण मी डोकं चालवलं. डेअरीत गेलो, "जरा साफसफाई करतो" म्हणालो, आणि गुपचूप ती ओळ दुरुस्त करून आलो. वाटलं, चूक गेली म्हणजे भानगड गेली.

दुसऱ्या दिवशी निम्म्या गावाचं फॅट एका पॉइंटानं, तीन-नऊचं चार असं, वाढलं. त्याच गाई, तीच वैरण.

"बघा!" गाव म्हणालं. "बोललो की फॅट वाढलं. आप्पा घाबरला!"

म्हणजे तोवर आप्पांवर नुसता संशय होता. पुरावा मी नेऊन दिला, स्वतःच्या हातानं, मोटरसायकलवर बसून.

सभेच्या आदल्या दिवशी मी दौंडला फोन लावला. नाव सांगितलं. 

"केडगावचे का तुम्ही?" सलीमभाई म्हणाले.

"व्हय," मी म्हणालो. काय म्हणणार? सगळं सांगितलं. पान काढून टाकल्यापासून साफसफाईपर्यंत.

त्यांनी एकच विचारलं, "सभा किती वाजता?"

सभा डेअरीच्या पटांगणात, सकाळचं संकलन उरकल्यावर. मी उभा राहिलो आणि म्हणालो, चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे, आप्पांचा काही दोष नाही. आयुष्यात इतकं खरं मी एका दमात कधी बोललो नव्हतो. कुणाचाही विश्वास बसला नाही.

"पढवून आणलाय त्याला," मागून एकजण म्हणाला.

"ह्याला बी साय दिली आसंल," दुसरा.

आप्पा खाली मान घालून बसले होते. टोपी हातात होती. मी त्यांना कधी टोपीशिवाय पाहिलं नव्हतं.

सलीमभाईंनी डेअरीचा संगणक खिडकीत आणला आणि पडदा लोकांकडं वळवला. मला म्हणाले, "कुलूप काढा." चेअरमननी गळ्यातली चावी काढून दिली. मी प्रोग्रॅम सगळ्यांसमोर उघडा केला.

"मावशी, तुम्ही या पुढं," सलीमभाई म्हणाले. "ही बाजू मशीननं सांगितलेला आकडा. ही बाजू पावतीवर छापलेला. दोन्ही ह्यात पहिल्यापासनं साठवलेले हायेत. कुणाला दिसत नव्हते एवढंच."

हे मलाही माहीत नव्हतं. खरा आकडा आठ वर्षं त्या डब्यात बसून होता, आणि त्यावर कुलूप माझं.

हौसामावशींनी पदर खोचला आणि खुर्ची ओढली. स्वतःचे आकडे पाहिले. मग चेअरमनचे. चेअरमनचंही कापलेलं. मग म्हणाल्या, "आप्पाचं नाव काढा."

आप्पांचं नाव निघालं. तीन-सत्त्याण्णवचं तीन-नऊ. चार-शून्य-सहाचं चार. तीन-शहाण्णवचं तीन-नऊ. रोजचं, दोन्ही वेळचं, वर्षानुवर्षांचं.

मावशींनी मान वर केली. "आगं बया. ह्यो सोताच्याच गाईचं फॅट चोरत व्हता व्हय?"

आधी एकजण हसला, मग सगळं पटांगण. "चोर आसता तर निदान घरच्या गाया तरी सोडल्या आसत्या की ह्यानं!" मावशी म्हणाल्या, आणि मग माझ्याकडं वळून, "तू मातर कुणाची सोडली न्हाईस, बाबा."

चेअरमननी तिथंच जाहीर केलं की साठलेला वाढावा दिवाळीच्या फरकात ज्याचा त्याला परत जाईल. दिवाळीआधी डेअरी उत्पादकांना जो जादा फरक देते, तो त्या वर्षी जरा जाड आला. आप्पा सेक्रेटरी राहिले. टोपी डोक्यावर गेली.

दोन दिवसांनी आप्पा दुकानात आले. पिशवीतून सत्काराची शाल काढली, घडी न मोडलेली, आणि माझ्या काउंटरवर ठेवली.

"ही तुमची."

"आप्पा, असं काय..."

"वाढावा तुम्ही आणला व्हता न्हवं? मंग सत्कार तुमचाच." चहासुद्धा न घेता गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी 'क्षीरसम्राट' सगळीकडं उघडा केला. ते काढून टाकलेलं पानसुद्धा जागच्या जागी परत लावलं. आठ वर्षांत मी त्यात एकच चांगली गोष्ट केली होती, स्वस्तातल्या प्रिंटरवर स्वच्छ मराठी पावती. ती सलीमभाईंनी मूळ प्रोग्रॅममध्ये घेतली आणि नोंदवहीत माझं नाव लिहिलं. आता ती कुठकुठल्या गावात छापली जाते. मी आठ वर्षं ती कुलपात ठेवून माझ्याच गिऱ्हाइकांपुरती नासवली, याचं वाईट वाटतं. मिळकत पहिल्यांदा निम्म्यावर आली, मग देखभालीवर हळूहळू सावरली. आठवड्यातून दोनदा मी आणि सलीमभाई एकमेकांची गावं सांभाळायचो. त्यांच्यावरचा माझा संशय जायला मात्र वर्ष लागलं. चांगल्या माणसावरचा संशय लवकर जात नाही, त्याला धरायला काही सापडतच नाही ना.

आणि लोक? कालपर्यंत विकत असलेली वस्तू आज फुकट म्हटल्यावर दोन डेअऱ्यांनी मला काढूनच टाकलं. "सुभाषराव फुकट देतोय म्हंजी नक्की घोळ हाय." चूक त्यांची नाही. माझ्याकडं बघून माणसानं तेवढं शिकायलाच हवं होतं.

आता मी दुकान बंद केलंय. पण मधे आप्पांच्या डेअरीत सहज गेलो होतो, तर तिथं एका मोठ्या कंपनीचा माणूस बसला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. मोबाइलवर चालणारं ॲप दाखवत होता. पावती मोबाइलवर, दर मोबाइलवर, सगळं फुकट.

आप्पा आता बरेच थकलेत. त्यांनी चष्मा पुसला.

"फुकट हाय त्ये कळलं. पर उद्या मावशीनं विचारलं की वरचं आठ कुठं गेलं, तर आत काय चाललंय त्ये मी तिला उघडून दावू शकतो का?"

"तशी गरजच पडणार नाही, आप्पा. आतलं कंपनीकडं सुरक्षित असतं."

"कुणापासनं?"

तो माणूस हसला. मग माझ्याकडं बघायला लागला, मी काही मदत करतो का म्हणून. मी भिंतीवरच्या दरपत्रकाकडं बघत बसलो.

"विश्वास ठेवा आप्पा," तो म्हणाला. "एक रुपयाही लागणार नाही तुम्हाला."

आप्पांनी टॅब त्याच्याकडं हळूच सरकवला आणि मान माझ्याकडं वळवली.

"सुभाषराव, ती शाल हाय का हो अजून? या सायबांच्या मापाची वाटती."